प्रचुआप खीरी खान : सारखे विचारले जाणारे प्रश्न (थायलंडची सगळ्यात बारीक कंबर)

बँकॉकमध्ये नोकरी असताना सुट्टी मिळाली की मी दक्षिणेची गाडी पकडून या प्रांतात जायचो. तेव्हापासून ओळखीतलं कोणी थायलंडला निघालं की मला मेसेज येतो, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून एकदाच सगळं इथे लिहून टाकतोय. फुकेत, क्राबी, पट्टायाबद्दल इथे काही मिळणार नाही, त्याचे व्हिडिओ ढिगाने पडलेत.

हे नाव उच्चारायचं कसं आणि त्याचा अर्थ काय?

प्रचुआप खीरी खान. थाई लोक रोजच्या बोलण्यात नुसतं 'प्रचुआप' म्हणतात, तुम्हीही तेच म्हणा, तिकीट खिडकीवर पूर्ण नाव घ्यायला गेलात तर मागची रांग वैतागेल. प्रचुआप म्हणजे भेटणं, गाठ पडणं. खीरी म्हणजे आपली गिरी. खान हा पाली 'खन्ध' म्हणजे संस्कृत 'स्कंध'. तर ढोबळमानाने डोंगरांच्या रांगा जिथे भेटतात ते गाव. थाई नावांमध्ये संस्कृत-पाली ठासून भरलंय, फक्त उच्चार असा काही बदललेला असतो की पटकन कळत नाही, पुरीचं बुरी होतं आणि नगरचं नखोन. याच प्रांतात प्राणबुरी नावाचा तालुका आहे, तो चक्क प्राण अधिक पुरी.

नावाला एक जोडीदारही होता. राजा मोंगकुट म्हणजे चौथा राम (तिथल्या राजांना पहिला राम, दुसरा राम असे क्रमांक असतात), त्याने १८५५ मध्ये हे नाव ठेवलं आणि त्याच वेळी आखाताच्या पलीकडे जवळजवळ त्याच अक्षांशावर असलेल्या को काँगला 'पच्चान खीरी खेत' असं नाव दिलं, म्हणजे प्रत्यंत गिरी क्षेत्र, सीमेवरचा डोंगराळ मुलूख. एक या किनाऱ्यावर, एक त्या, असं जुळ्या भावांसारखं यमक. पुढे १९०४ मध्ये तो पलीकडचा भाग फ्रेंचांच्या घशात गेला आणि आज तो कंबोडियात आहे. जोडीतलं एकच नाव थायलंडकडे उरलं.

नकाशात नेमकं कुठे?

थायलंडचा नकाशा हत्तीच्या डोक्यासारखा दिसतो असं म्हणतात ना, तर सोंड जिथे सुरू होऊन बारीक होते तिथे. उत्तरेला फेचबुरी प्रांत, दक्षिणेला चुम्फोन, पूर्वेला थायलंडचं आखात आणि पश्चिमेला तेनासेरीम डोंगर आणि डोंगराच्या पाठीमागे म्यानमार. क्षेत्रफळ साधारण ६,३७० चौरस किमी, म्हणजे सिंधुदुर्गापेक्षा मोठा आणि रत्नागिरीपेक्षा लहान. लोकसंख्या साडेपाच लाखांच्या आसपास. उत्तर-दक्षिण लांबी दोनशे किमीच्या वर आणि रुंदी विचारूच नका, म्हणजे विचारा, पुढचा प्रश्न तोच आहे.

मध्य थायलंड म्हणायचं की दक्षिण यावर त्यांचं त्यांच्यातच एकमत नाही. भूगोलाच्या सहा भागांच्या वाटणीत हा पश्चिमेत येतो, हवामान खातं त्याला दक्षिणेच्या पूर्व किनाऱ्यात धरतं. तिथल्या लोकांना विचारलं तर हुआ हिनवाला स्वतःला बँकॉकच्या जवळचा समजतो, आणि बांग सफानला गेलात की बोलण्याचा हेल बदललेला ऐकू येतो.

देशाची रुंदी तिथे फक्त ११-१२ किलोमीटर आहे हे खरं का?

खरं आहे. मुआंग तालुक्यात, प्रांताच्या मुख्य शहराच्या थोडं दक्षिणेला, समुद्रापासून म्यानमारच्या हद्दीपर्यंत सरळ रेषेत जेमतेम ११-१२ किमी. हायवेवर तसा बोर्डही लावलाय, लोक गाड्या थांबवून फोटो काढतात.

पण गंमत फोटोपुरती नाहीये. एवढ्याशा पट्टीतून बँकॉकला दक्षिणेशी जोडणारी रेल्वे जाते आणि फेटकासेम रोड म्हणजे ४ नंबरचा हायवे जातो, हा देशातला सगळ्यात लांब रस्ता आहे. दक्षिणेच्या चौदा प्रांतांकडे जमिनीवरून जायचं तर या कंबरेतूनच जावं लागतं, दुसरी वाटच नाही. जोराचा पाऊस होऊन बांग सफानकडे पाणी भरलं की अख्ख्या दक्षिणेची वाहतूक लटकते. आपल्याकडे घाटात दरड कोसळली की कसं होतं, तसंच, फक्त इथे 'जुन्या रस्त्याने जाऊ' म्हणायची सोय नाही. सैन्याला, व्यापाऱ्याला, हत्तीला, सगळ्यांना याच चिंचोळ्या जागेत एकमेकांना अंग घासत राहावं लागलंय.

पाऊस कधी असतो? जून-जुलैत गेलं तर चालेल?

चालेल, खरं तर बरंच. कोकणी माणसाला हे पटायला वेळ लागतो कारण इथे सगळं उलटं आहे. आपल्याकडे समुद्र पश्चिमेला, डोंगर पूर्वेला, नैऋत्य मोसमी वारा थेट समुद्रावरून येऊन सह्याद्रीवर आपटतो आणि आपण भिजतो. प्रचुआपला डोंगर पश्चिमेला आणि समुद्र पूर्वेला, त्यामुळे तोच नैऋत्य वारा आपला बहुतेक पाऊस पलीकडे म्यानमारच्या बाजूला ओतून मोकळा होतो आणि अलीकडे उरलंसुरलं येतं. म्हणजे माण-खटावला समुद्रकिनारा दिला तर कसं होईल, तसा काहीसा प्रकार, विशेषतः हुआ हिनकडे. खरा पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, वारा फिरून आखातावरून यायला लागला की. तेव्हा दक्षिणेकडचे तालुके झोडपून निघतात. डिसेंबर ते फेब्रुवारी हवा छान असते पण समुद्र खवळलेला असू शकतो. एप्रिलमध्ये नका जाऊ, डोकं तापतं.

प्रांत म्हणजे राज्य का जिल्हा? तिथलं सरकार कसं चालतं?

आकाराने आणि अधिकाराने बघायला गेलं तर जिल्हा. थायलंड हे संघराज्य नाही, राज्यं नाहीतच. ७६ चांगवात म्हणजे प्रांत आणि वेगळं बँकॉक. चांगवातच्या खाली आम्फ, हा आपला तालुका. त्याखाली तंबोन, म्हणजे चार-आठ गावांचा गट, आणि सगळ्यात खाली मूबान, गाव. प्रचुआपमध्ये ८ आम्फ, ४८ तंबोन आणि ३८८ गावं आहेत.

आता खरी गोम अशी की इथे दोन यंत्रणा एकमेकींच्या शेजारी चालतात. एक वरून आलेली, गृहमंत्रालय गव्हर्नर नेमतं. गव्हर्नर ऐकून राजभवन, लाल दिवा असलं काही डोळ्यासमोर आणू नका, तो आपल्या कलेक्टरसारखा बदलीवर येणारा अधिकारी असतो, थोडे दिवस राहतो, फिती कापतो, जातो. गव्हर्नर निवडून देण्याचा हक्क फक्त बँकॉकवाल्यांना आहे आणि यावर बाकीच्या प्रांतांत अधूनमधून कुरकुर चालूच असते. गव्हर्नरच्या हाताखाली प्रत्येक आम्फला एक नाय आम्फ, म्हणजे तहसीलदार-प्रांताधिकारी मिळून जे काही होईल ते. ओळखपत्र, लग्नाची नोंद, घरात कोण राहतं त्याचं रजिस्टर, सगळं आम्फच्या कचेरीत.

दुसरी यंत्रणा खालून निवडून आलेली. प्रांतभराची एक परिषद, तिला आद्याक्षरांवरून 'ऑ बॉ चॉ' म्हणतात, आपली जिल्हा परिषद समजा, फक्त तिचा अध्यक्ष थेट लोकांनी निवडलेला. शहरांना थेसबान म्हणजे नगरपालिका आणि ग्रामीण भागात तंबोनची 'ऑ बॉ तॉ'. कचरा, गल्लीतले रस्ते, दिवे, अंगणवाड्या हे यांच्याकडे. मग एखादा खड्डा कोणाचा यावरून वर्षभर टोलवाटोलवी चालते, ते बघून मला अगदी घरी आल्यासारखं वाटायचं.

मधल्या मध्ये अजून दोन माणसं असतात, फूयायबान म्हणजे गावचा मुखिया आणि कामनान म्हणजे तंबोनचा मुखिया. हे आपल्या पाटलासारखे, पण निवडून येतात आणि एकदा आले की ६० वर्षांचे होईपर्यंत हलत नाहीत. सरकारी मानधन मिळतं, गणवेशही असतो. गावात काही अडलं तर लोक आधी यांच्याकडे जातात. कोणाच्या घरासमोर सकाळी सकाळी लाऊडस्पीकरवरून घोषणा चालू असेल तर समजायचं इथे फूयायबान राहतो.

ते आठ तालुके कुठले?

उत्तरेकडून : हुआ हिन, प्राणबुरी, साम रॉय योत, कुइबुरी, मुआंग (यातच मुख्यालयाचं शहर), थप सके, बांग सफान, बांग सफान नॉय. साम रॉय योत हा प्राणबुरीतून वेगळा काढलेला. 'नॉय' म्हणजे धाकटा, आपल्याकडे खुर्द-बुद्रुक असतं तसं.

हुआ हिन वेगळा प्रांत आहे ना?

नाही. ही सगळ्यात कॉमन चूक आहे. हुआ हिन प्रचुआपचा एक तालुका आहे, पैसा आणि नाव सगळं त्याच्याकडे, पण कलेक्टर कचेरी तिथून ९० किमी दक्षिणेला शांत प्रचुआप शहरात. उलटी फसवणूकही होते. माझ्या पहिल्याच ट्रिपला मी 'हुआ हिन' लिहिलेलं हॉटेल बुक केलं आणि उतरलो तर ते चा-आममध्ये निघालं, म्हणजे शेजारच्या फेचबुरी प्रांतात, हुआ हिनच्या बाजारापर्यंत जाऊन यायला रोज टॅक्सी. रिसेप्शनवरच्या बाईंना विचारलं तर हसून म्हणाल्या, समुद्र तोच आहे. तेव्हा पत्त्यात चांगवात कुठला लिहिलाय ते बघून पैसे भरा.

आधी तिथे काय होतं? जुना इतिहास आहे का काही?

मोठी राजधानी, किल्ले वगैरे नाही. अयुध्येच्या काळात (थाई अयुध्या, अयुथया, म्हणजे थायलंडची जुनी राजधानी) इथे लहान लहान मुआंग म्हणजे ठाणी होती, कुइ, प्राण वगैरे, आणि त्यांचं महत्त्व रस्त्यामुळे. पश्चिमेला सिंगखोन खिंड ओलांडली की तेनासेरीम आणि मर्गुई बंदर, म्हणजे अंदमानचा समुद्र आणि पुढे बंगालचा उपसागर. कोरोमंडलचं कापड मर्गुईला उतरवून, खिंडीतून या किनाऱ्यावर आणून, पुढे अयुध्येला न्यायचं. मलाक्काच्या सामुद्रधुनीला वळसा घालण्यापेक्षा हे परवडायचं. त्या वाटेने भारतीय आणि इराणी व्यापारी येत-जात होते. १७६७ मध्ये बर्मी सैन्याने अयुध्या जाळली त्यानंतर इथली वस्ती उठली, ती परत बसायला एकोणिसावं शतक उजाडलं.

दक्षिणेचा बांग सफान मात्र सोन्यासाठी प्रसिद्ध होता. तिथल्या ओढ्यात मिळणारं सोनं इतकं चोख मानायचे की गावाला नाव पडलं कामनोत नोफखुन. नोफखुन म्हणजे नवगुण, नऊ गुणांचं सोनं. आजही पावसानंतर लोक थाळ्या घेऊन ओढ्याची वाळू चाळताना दिसतात.

आत्ताचा प्रांत म्हणून आकार आला तो १९०६ मध्ये, प्रचुआप, फेचबुरीकडचं प्राणबुरी आणि चुम्फोनकडचं कामनोत नोफखुन अशी तीन ठाणी एकत्र करून. आणि नाव काय ठेवलं तर प्राणबुरी! मग प्राणबुरी गाव कुठलं आणि प्राणबुरी प्रांत कुठला असा घोळ व्हायला लागला, शेवटी १९१५ मध्ये सहाव्या रामाने प्रांताला परत प्रचुआप खीरी खान केलं. नामांतराचे वाद काही फक्त आपल्याकडेच नाहीत.

१८६८ चं ग्रहण काय भानगड आहे? तिथे जिकडे तिकडे त्याची चित्रं दिसतात.

हा माझा आवडता विषय आहे, त्यामुळे जरा लांबण लागणार.

राजा मोंगकुट राजा व्हायच्या आधी २७ वर्षं बौद्ध भिक्खू होता आणि त्या काळात त्याने लॅटिन, इंग्रजी आणि मुख्य म्हणजे पाश्चात्य खगोलशास्त्र शिकून घेतलं होतं. १८ ऑगस्ट १८६८ ला खग्रास सूर्यग्रहण होणार आणि ते आपल्या राज्यात सगळ्यात चांगलं कुठून दिसणार हे त्याने स्वतः गणित करून काढलं. जागा आली वा को, प्रचुआप शहराच्या दक्षिणेला समुद्रकाठचं गाव. (वा म्हणजे जांभूळ बरं का.) तिथे जंगल तोडून छावणी उभी केली, सिंगापूरचा ब्रिटिश गव्हर्नर हॅरी ऑर्ड याला आमंत्रण धाडलं, फ्रान्सहून स्तेफाँ नावाच्या खगोलशास्त्रज्ञाची तुकडी दुर्बिणी घेऊन आली. विचार करा, आजूबाजूचे देश एकेक करून इंग्रज-फ्रेंच गिळत होते आणि हा राजा त्यांनाच बोलावून दाखवतोय की बघा, आम्हालाही आकाशाचं गणित येतं, आम्ही रानटी नाही. दरबारातले ज्योतिषीही राहूने सूर्य गिळला म्हणत होते, त्यांनाही एकाच दगडात गप्प करायचं होतं.

सकाळी ढग होते. ऐनवेळी फाकले आणि सूर्य पूर्ण झाकला गेला, जवळजवळ पावणेसात मिनिटं काळोख. राजाचं गणित बरोबर आलं.

पण ती जागा दलदलीची, डासांची. परत गेल्यावर राजाला हिवताप चढला आणि १ ऑक्टोबर १८६८ ला तो गेला. सोबत आलेला राजपुत्र चुलालोंगकोर्णही आजारी पडला होता, तो वाचला आणि १५ व्या वर्षी राजा झाला, तोच पाचवा राम, ज्याने पुढे अख्ख्या देशाची आत्ताची प्रांतव्यवस्था उभी केली. त्या ग्रहणामुळे थायलंडमध्ये १८ ऑगस्ट हा राष्ट्रीय विज्ञान दिन असतो. वा कोला आता मोंगकुटच्या नावाने मोठं विज्ञान उद्यान आहे, मत्स्यालय आहे, शाळांच्या बसेस भरभरून येतात. उन्हात रांगेत उभी राहिलेली पोरं, गळ्यात पाण्याच्या बाटल्या, आणि समोर राजाचा पुतळा.

हे तेच ग्रहण का, विजयदुर्गवालं?

हो, तेच! फक्त एक दुरुस्ती. त्या दिवशी सावली एडनकडून येऊन आपला पश्चिम किनारा ओलांडून आंध्रमधून बाहेर पडली आणि मग पुढे सयामला, म्हणजे तेव्हाच्या थायलंडला पोचली. गुंटूरला फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सन होता, आणि पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात जॉन हर्शेल नावाचा लेफ्टनंट दुर्बीण लावून बसला होता, युरेनस शोधणाऱ्या हर्शेलचा नातू. त्या ग्रहणात सूर्याच्या वर्णपटात दिसलेल्या पिवळ्या रेघेतूनच पुढे हेलियमचा शोध लागला.

आपल्याकडे विजयदुर्ग किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' दाखवतात आणि लॉकियरने १८६८ मध्ये इथूनच हेलियम शोधला असं सांगतात, १८ ऑगस्टला हेलियम दिनही होतो. लॉकियर त्या वर्षी इंग्लंडमध्येच होता, तो विजयदुर्गला आला ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. सावली मात्र १८६८ मध्ये त्या भागातून गेली होती हे खरं. म्हणजे एकाच सकाळी जमखंडीत अंधार झाला आणि थोड्या वेळाने तीच सावली वा कोला राजाच्या डोक्यावर. वा कोच्या उद्यानातला नकाशा बघताना माझं बोट आपोआप मागे मागे सरकत कोकणावर आलं होतं.

राजघराण्याचं हुआ हिनशी काय नातं?

रेल्वे आली १९११ मध्ये आणि कोळ्यांच्या गावाचं हवा खायचं ठिकाण झालं. मग रेल्वेने बांधलेलं हॉटेल, गोल्फ कोर्स, आणि सातव्या रामाने १९२६ पासून बांधायला घेतलेला राजवाडा, नाव 'क्लाय कांगवोन', म्हणजे चिंतांपासून दूर. आता नशीब बघा, २४ जून १९३२ ला बँकॉकमध्ये क्रांती होऊन निरंकुश राजेशाही संपली तेव्हा राजा या चिंतामुक्त वाड्यात मुक्कामाला होता, गोल्फ खेळताना निरोप आला असं सांगतात. बंडवाल्यांनी त्याला आणायला युद्धनौका पाठवली, तो म्हणाला मी कैद्यासारखा येणार नाही, आणि आपल्या ट्रेनने परत गेला.

दुसऱ्या महायुद्धात तिथे लढाई झाली होती का?

झाली होती आणि थाई लोक ती विसरलेले नाहीत. ८ डिसेंबर १९४१ च्या पहाटे जपानी सैन्य थायलंडच्या आखाती किनाऱ्यावर बऱ्याच ठिकाणी एकदम उतरलं, त्यातलं एक प्रचुआप. शहर लगेच पडलं पण आओ मनाओ खाडीवरचा विमानतळ, जिथे हवाई दलाची छोटी तुकडी होती, तो पडेना. बँकॉकच्या सरकारने त्याच दिवशी शस्त्रं खाली ठेवायचा निर्णय घेतला, पण तो आदेश इथे पोचेपर्यंत दुसऱ्या दिवसाची दुपार झाली, तोवर हे ३३ तास लढत राहिले.

तो तळ अजूनही हवाई दलाचाच आहे, विंग ५, आणि त्याच्या आतच प्रांतातला सगळ्यात सुंदर बीच आहे. गेटवर नोंद करायची, आत शिरायचं आणि मग चक्क धावपट्टी आडवी ओलांडायची. मी भाड्याच्या सायकलवर होतो, शिपायाने हात केला, सगळे थांबलो, माझ्या शेजारी स्कूटरवर एक आजी, हँडलला भाजीच्या पिशव्या. विमान आलंच नाही, दोन मिनिटांनी शिपायाने जा म्हटलं, आजी माझ्या आधी सुसाट.

म्यानमारच्या हद्दीवर काय आहे? पलीकडे जाता येतं का?

सिंगखोन नावाची चौकी आहे, शनिवार-रविवारी बाजार भरतो, ऑर्किडची रोपं, लाकडी सामान. पलीकडे जायचे नियम म्यानमारमधल्या परिस्थितीनुसार बदलतात, परदेशी पाहुण्याने बाजार बघून परत फिरावं हे बरं.

इथला एक जुना त्रास मात्र सांगण्यासारखा आहे. १८६८ मध्येच, ग्रहणाच्या आधी काही महिने, सयाम आणि ब्रिटिशांनी तेनासेरीमची हद्द कागदावर पक्की केली. डोंगराचा कणा धरून रेघ मारली आणि पलीकडे राहणारी थाई भाषिक गावं ब्रिटिश बर्मात गेली. त्यांचे वंशज पुढे इकडे परत आले, तर बोलतात थाई, दिसतात थाई, पण कागदावर कोणीच नाहीत. ओळखपत्र नाही म्हणजे शाळा, दवाखाना, नोकरी सगळीकडे अडलं. यांना 'थाई फ्लात थिन' म्हणतात, जागेपासून तुटलेले थाई. बरीच वर्षं आंदोलनं केल्यावर २०१२ मध्ये नागरिकत्वाचा कायदा बदलला, आणि मग एकेका कुटुंबाची वंशावळ तपासत बसायचं काम आम्फच्या कचेऱ्यांकडे आलं.

लोक पोटापाण्याला काय करतात?

अननस. देशात सगळ्यात जास्त अननस पिकवणाऱ्या प्रांतांत याचं नाव वर असतं, डबाबंद करायचे कारखानेही आहेत. भाव पडला की शेतकरी रस्त्यावर ढीग ओततात, हे दृश्य कुठे पाहिलंय ते तुम्हाला सांगायला नको. थप सके आणि बांग सफानला नारळ. समुद्रावर मासे आणि माकूल (स्क्विड). रात्री खाडीकडे बघितलं तर क्षितिजावर हिरवे दिवे लागलेले असतात, ते माकूल पकडणाऱ्या होड्यांचे, उजेडाला माकूल वर येतात. पहिल्यांदा बघितल्यावर मला वाटलं कुठे तरी लग्न आहे. बांग सफानला पोलादाचे मोठे कारखाने.

आणि कोळशाचे वीज प्रकल्प नाहीत, ते का नाहीत तेही ऐका. १९९० च्या दशकात बो नोक आणि हिन क्रुत या दोन किनारी गावांत कोळशाची औष्णिक वीज केंद्रं येणार होती. कोळी, नारळवाले, छोटे हॉटेलवाले एकत्र आले, हायवे अडवला, लाठ्या खाल्ल्या, बरीच वर्षं भांडले आणि दोन्ही प्रकल्प शेवटी दुसऱ्या प्रांतांत हलवले गेले, तेही कोळशाऐवजी गॅसवर. बो नोकचे पुढारी चारोएन वात-आकसोर्न यांना मात्र २१ जून २००४ ला गोळ्या घालून मारलं, सार्वजनिक जमिनीच्या अतिक्रमणाबद्दल बँकॉकला साक्ष देऊन परत आले त्याच रात्री बसमधून उतरल्यावर. जैतापूर-नाणारची भांडणं बघितलेल्या माणसाला यातला प्रत्येक टप्पा ओळखीचा वाटेल.

जंगली हत्ती नक्की दिसतात का?

कुइबुरी नॅशनल पार्कमध्ये दुपारनंतर गेलात तर शक्यता खूपच चांगली. स्वतःची गाडी आत नेता येत नाही, गावकऱ्यांच्या पिकअपमध्ये मागे बसायचं, सोबत गाइड. गवेही दिसतात. आधी इथे हत्ती आणि अननसवाल्यांचं युद्ध होतं, जंगल तोडून अननस लावला, हत्तींना तो गोड लागला, मग विषबाधा, गोळीबार. नंतर जंगलातच हत्तींसाठी गवत आणि पाणवठे करायचं काम सुरू झालं आणि त्याच गावकऱ्यांना हत्ती दाखवण्यातून पैसे मिळायला लागले. भांडण मिटलंय असं नाही, शेताच्या कडेला रात्री राखणीला लोक आजही जागतात. हे जंगल आणि उत्तरेचं कैंग क्राचान मिळून २०२१ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलं.

एकच दिवस असेल तर काय बघू?

साम रॉय योत. अर्थ तीनशे शिखरं. चुनखडीचे सुळके सरळ समुद्रातून आणि दलदलीतून वर आलेले, १९६६ पासून राष्ट्रीय उद्यान. तिथे फ्राया नखोन गुहा आहे. होडीने किंवा टेकडी ओलांडून एका बीचवर यायचं, मग दगडधोंड्यांतून चारेकशे मीटर चढणीची वाट, चपला घालून आलेले लोक शिव्या घालत चढतात. गुहेचं छत कोसळलेलं आहे, त्यामुळे आत झाडं वाढलीत, आणि मधोमध एक छोटा थाई मंडप, १८९० मध्ये चुलालोंगकोर्णच्या भेटीसाठी बँकॉकला सुटे भाग करून आणून इथे जोडलेला. सकाळी साडेदहाच्या सुमाराला वरच्या भोकातून उन्हाचा झोत नेमका मंडपावर येतो. मी पोचलो तेव्हा झोत मंडपाच्या पायरीपर्यंत आला होता, चाळीसेक माणसं होती आणि कोणी बोलत नव्हतं, फक्त मोबाइलचे क्लिक आणि वरून टपटपणारं पाणी. प्रांताच्या शिक्क्यावर हाच मंडप आहे. आणि प्रांताचं झाड आहे आपली खिरणी, म्हणजे रांजण, गुहेच्या वाटेवर बघायला विसरू नका.

प्रचुआप शहरात माकडं त्रास देतात का?

देतात. शहराच्या मध्ये खाओ चोंग क्राचोक नावाची टेकडी आहे, ३९६ पायऱ्या, वरून तीन खाड्या एकदम दिसतात. पायऱ्यांवर मकाक माकडांचं राज्य. माझी चिप्सची पिशवी गेली, मित्राचा चष्मा गेला, चष्मा परत मिळाला तो केळं देऊन, म्हणजे शुद्ध खंडणी. विंग ५ मधल्या टेकडीपाशी डोळ्याभोवती पांढरी वर्तुळं असलेली लंगूर आहेत ती भलतीच सज्जन, पोरांच्या हातातून शेंगदाणा हळूच उचलतात. तरी खायला घालू नका.

शाकाहारी लोकांचं काय?

'चे' हा शब्द पाठ करा, 'किन चे' म्हणजे मी पूर्ण शाकाहारी. नुसतं मांस नको म्हटलं तर माशाचा सॉस येतोच, त्यांच्या लेखी ते मीठच आहे. हुआ हिनला इंडियन रेस्टॉरंट आहेत. प्रचुआप शहरात पंचाईत होते, मी रात्रीच्या बाजारात उकडलेला मका, भाजलेली केळी आणि अर्थातच अननस यावर काढलेत दिवस. मासे खाणाऱ्याने मात्र अजिबात चिंता करू नये.

बँकॉकहून कसं जायचं? खिडकी कुठली घेऊ?

ट्रेन. क्रुंग थेप अफिवात या नव्या टर्मिनसवरून बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्या सुटतात. हुआ हिनचं नवीन उंचावरचं स्टेशन डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालं, जुनं लाल-पिवळ्या लाकडाचं स्टेशन खाली तसंच ठेवलंय, उतरल्यावर दोन मिनिटं तिथे जा. प्रचुआप शहराचं स्टेशन समुद्रापासून चालत दहा मिनिटं.

खिडकीचं म्हणाल तर समुद्र डावीकडे असतो पण गाडीतून तो फारसा दिसत नाही, तेव्हा त्यासाठी भांडू नका. तरी डावीकडचीच घ्या, प्राणबुरी सोडलं की त्या बाजूला साम रॉय योतचे सुळके सुरू होतात. आणि उजवीकडच्या खिडकीत जी निळी रांग सोबत चालत राहते, तिच्या माथ्यावर म्यानमारची हद्द आहे.